गाडीला नावं ठेवायची नोकरी

कुलदीप खोब्रागडेला नोकरी लागली ती गाडीला नावं ठेवायची, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं.

परदेशातली एक बडी मोटार कंपनी २००४ सालापासून दर मे महिन्यात आपल्या दोन गाड्या चंद्रपूरला आणू लागली होती. एक उंच, ऐसपैस एसयूव्ही आणि दुसरी जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटणारी स्पोर्ट्स कार. बाजारात पुढच्या वर्षी येणारं मॉडेल आधी इथल्या उन्हात भाजून काढायचं, त्याचं दुखणंखुपणं शोधायचं आणि कारखान्यात जाऊन दुरुस्त करायचं, असा बेत. लोक उन्हाळ्यात थंड हवेची गावं शोधत फिरतात. ही मंडळी नकाशावर सगळ्यांत तापणारं गाव शोधत निघाली आणि बरोबर इथे येऊन पोचली.

गाड्या रोज सकाळी चंद्रपूरहून निघायच्या, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली करत अहेरीला पोचायच्या आणि ऐन दुपारी परत फिरायच्या. मॉडेल अजून गुपित होतं, म्हणून दोन्ही गाड्यांच्या नाकाडावर काळी पट्टी चिकटवलेली असे. आष्टीच्या पुलाजवळ एकदा टरबूजवाल्या बाईनं फार कळवळून विचारलं होतं, "गाडीले लागलं का जी?"

संध्याकाळी चहाच्या वेळी पुण्याहून आलेल्या इंजिनीअर शलाका पेंडसे दोन्ही ड्रायव्हरांना समोर बसवून एकच प्रश्न विचारायच्या, "आज काय खटकलं?"

"काई नाई मॅडम," कुलदीप म्हणायचा. "एक नंबर गाडी हाये."

आता त्याचं तरी काय चुकलं? याआधी आठ-नऊ वर्षं तो अहेरी-आलापल्ली रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होता. त्या जीपचं डावं दार दोरीनं बांधलेलं, हॉर्न सोडून सगळं वाजायचं आणि टपावर बसलेल्या गिऱ्हाइकाचे पाय पुढच्या काचेवर लोंबकळायचे. असल्या जीपमधून उतरलेल्या माणसाला तुम्ही कातड्याच्या सीटवर बसवणार, बोट लावलं की गार वारा सोडणार, आणि वर विचारणार की काय खटकलं! पहिल्या दिवशी तर एसयूव्ही सुरू झाली आहे हेच त्याला कळलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि गाडीनं कुरकुर केली, तेव्हा बिचारा गाडीची माफी मागून मोकळा झाला.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा. दाराच्या कडेपासून मागच्या दिव्यापर्यंत जी एकच रेघ गेली होती, तिच्यावरून हलकेच हात फिरवायचा. कोणी तरी कुठं तरी बसून ही रेघ काढली असेल, शंभरदा पुसली असेल आणि मग त्याला ती अशी सापडली असेल, या विचारानं त्याला भरून यायचं. खरं सांगायचं तर त्याचं गाडीवर प्रेम बसलं होतं.

दुसरा ड्रायव्हर बल्लारपूरचा रईस. स्पोर्ट्स कार त्याच्याकडे होती. रईसला जन्मापासून कशाचं कौतुक म्हणून माहीत नव्हतं. स्वतःच्या लग्नातल्या बिर्याणीतही त्यानं मीठ कमी असल्याचं सगळ्या पंगतीला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी तो बोटं मोडत सुरू व्हायचा. आरशात मागचं अर्धंच दिसते. उन्हात वेगाच्या काट्यावरची काच चमकते, डोळे दिपते. पाण्याची बाटली ठेवाले जागा नाई, मग माणसानं ती का डोक्यावर ठेवावी? पेंडसे मॅडम खूश होऊन ऐकत राहायच्या.

आणि कुलदीप? एसयूव्हीच्या मागच्या सीटपर्यंत गारवा पोचत नव्हता, तर तो म्हणाला, "आमचं ऊनच बेकार हाये मॅडम, गाडी काय करीन?" खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग थरथरायचं, तर म्हणाला, "रस्ताच खराब हाये." मागचं झाकण उघडताना पुरतं वर जात नव्हतं, दोनदा त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं, तर म्हणाला, "मीच जरा उंच हावो." गाडीला बोल लागू नये म्हणून या माणसानं सूर्याला नावं ठेवली, रस्त्याला ठेवली, स्वतःच्या कपाळालासुद्धा ठेवली.

दुसऱ्या मे महिन्यात नवं मॉडेल आलं. जुनंही शेजारी उभं होतं, ताडून बघायला. कुलदीप दोन्हींच्या मध्ये हरखून उभा राहिला. पुढचे दिवे अरुंद झाले होते आणि त्यामुळे गाडी जरा डोळे बारीक करून लांबचं बघते आहे असं वाटत होतं. स्पोर्ट्स कारचं छत मागं आणखी सफाईनं उतरलं होतं. चांगलं होतं ते आणखी चांगलं करायला या लोकांनी वर्षभर रक्त आटवलं होतं, आणि त्याला या कामाचा फार आदर वाटला.

रईस मात्र नव्या स्पोर्ट्स कारचं दार उघडून सरळ आत घुसला आणि आतून ओरडू लागला.

"हा आरसा पाह्य, माहा हाये! काट्यावरची काच, माही! अन् बाटलीची जागा? माही!" तो हसत बाहेर आला. "कुलदीपभाऊ, तुह्या गाडीत तुहं कोणतं हाये?"

नव्या एसयूव्हीत कुलदीपचं काहीच नव्हतं. मागची सीट अजून तापतच होती. स्टिअरिंग थरथरत होतं. झाकणानं पहिल्याच दिवशी त्याचं कपाळ ओळखलं. त्याला वाईट वाटलं. एवढ्या सुंदर गाडीत आपलं बोटभरही काही नसावं, हे त्याला लागलं.

आठवड्याभरानं पेंडसे मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. बाई स्पष्ट बोलणारी, पण मनानं चांगली.

"कुलदीप, तुमच्यासारखी गाडी कोणी चालवत नाही. पण ऑफिसात माझी अडचण होते आहे. दोन उन्हाळ्यांत तुमच्या नावावर एकही दोष नाही. ते विचारतात, मग या माणसाला ठेवायचं कशाला? चाचणी या महिनाअखेर संपेल. तोवर मला एक तरी खरा दोष सांगा. नाही तर पुढच्या वर्षी मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

कुलदीपच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा ती दोरीनं बांधलेली जीप. पुन्हा काचेवर लोंबकळणारे पाय. आणि पुढचं मॉडेल येईल तेव्हा आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ते धूळ उडवत जाताना बघायचं, टरबूजवाल्या बाईसारखं.

त्यानं मनावर घेतलं. दोन दिवस भुवया आक्रसून गाडी चालवली. गाडी मात्र उलट जास्तच गोड वागू लागली. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यानं ठोकून दिलं, "मॅडम, मागच्या डाव्या दारातून खडखड येऊन राह्यली."

मॅडमनी लगेच मेकॅनिक बोलावले. त्यांनी दाराचं अस्तर काढलं, काच काढली, तारा सोडवल्या. ते देखणं दार उघडंवाघडं जमिनीवर पडलेलं बघून कुलदीपला कसंनुसं झालं. खडखड काही सापडली नाही. त्यानं आपणहून कबूल केलं, "नव्हती मॅडम. मी आपलं म्हटलं."

मॅडम रागावल्या नाहीत, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. रईसनं खांद्यावर हात टाकून विचारलं, "काऊन बे एवढा भेतो? घरच्या पोराले रागावतं ना? मग?"

"पोराची गोष्ट येगळी," कुलदीप म्हणाला. "हे पाहुणे हायेत. पाहुण्याले कोणी नावं ठेवते का?"

बुद्धपौर्णिमा आली. त्या दिवशीही गाड्या अहेरीला जाणारच होत्या, आणि कुलदीपचं घर अहेरीतच. त्यानं भीतभीत विचारलं, "मॅडम, मायले विहारापर्यंत सोडू का? जास्त दूर नाई. तिनं अजून या गाडीत पाय ठेवला नाई." मॅडम म्हणाल्या, "जरूर. मीही येते. मलाही खीर मिळेल ना?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा अर्धी वस्ती गोळा झाली होती. कमलाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून, हातात फुलांची पिशवी घेऊन दारात उभ्याच होत्या. पोराच्या गाडीतून जायचं, म्हणून चेहरा नुसता उजळला होता. कुलदीपनं मागचं दार एखाद्या राणीसाठी उघडावं तसं उघडलं.

कमलाबाईंनी गाडीकडे पाहिलं. गाडीचा उंबरठा त्यांच्या कमरेपाशी येत होता. त्यांनी लुगडं सावरलं, एक पाय उचलला. पाय पोचला नाही. पुन्हा उचलला. धरायला हाताशी काही नव्हतं. कुलदीपनं काखेत हात घालून जोर दिला, तेव्हा लुगड्याचा काठ दाराच्या कडीत अडकला, गुडघा कळवळला आणि पिशवीतली फुलं खाली सांडली. बघणारी पोरं हसली नाहीत, पण सगळे एकदम गप्प झाले, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

कमलाबाईंनी पाय खाली घेतला. काठ सोडवला. आणि हसून, जणू आपलंच काही चुकलं अशा आवाजात म्हणाल्या,

"राहू दे बाबू. गाडी लय चांगली हाये तुही. माहे गुडघेच बेकार हायेत. मी पायीच जातो."

कुलदीप तिथल्या तिथं थिजला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आमचं ऊनच बेकार. रस्ताच खराब. मीच जरा उंच. दोन वर्षं रोज संध्याकाळी चहाचा कप हातात धरून तो याच आवाजात बोलत आला होता. तो त्याला चांगल्या वागणुकीचा वाटायचा. आज मायच्या तोंडून ऐकला आणि त्याच्या अंगाची आग झाली.

कमलाबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हातून चालू लागल्या. गाडी रिकामी उभी होती, आतून गार.

कुलदीप पुढच्या खिडकीशी गेला. पेंडसे मॅडमनी काच खाली केली.

"मॅडम, लिहून घ्या," तो म्हणाला. "गाडी उंच हाये. पायरी नाई. धराले दांडा नाई. लुगड्याच्या बाईनं याच्यात चढावं कसं, कोणी इचार केला का? माह्या मायच्या गुडघ्याले काई झालं नाई. ते गुडघे सारी जिंदगी लोकाच्या धानाच्या बांधीत वाकले. हे गाडी बनवणाऱ्यायले समजाले पाह्यजे होतं."

मॅडमनी घाईघाईनं कागद शोधला.

"अन् मांगची सीट तापते. पह्यल्या सालापासून तापते. मांगं माणसं बसत नाईत का? स्टिअरिंग थरथरते, त्याले रस्ता काय करीन, रस्ते असेच राहते. मांगचं झाकण कपाळ फोडते. हे पाहा!" त्यानं टोपी काढून कपाळ दाखवलं. "दाराची दांडी दुपारी एवढी तापते का दुपट्टा गुंडाळून उघडा लागते."

"हळू, हळू," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "अहो, हे सगळं दोन वर्षं कुठं होतं?"

"पोटात होतं मॅडम."

बोलून झालं तसा तो बोनेटला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, असं बोलल्यावर गाडी मनातून उतरेल. त्यानं कडेच्या त्या रेघेकडे पाहिलं. ती तितकीच सुंदर होती. उलट आता तिच्याकडे मान वर करून बघता येत होतं. मग तो गाडीला कुलूप घालून मायच्या मागे पायी विहारात गेला, आणि पेंडसे मॅडमही पायीच आल्या. खीर त्यांनी दोनदा मागून घेतली.

पुढच्या मे महिन्यात बोलावणं आलं. कुलदीप चंद्रपूरला पोचला तेव्हा नवी एसयूव्ही उतरवून झाली होती. नाक पुन्हा बदललं होतं, चाकं बदलली होती, पण तो खाली वाकून आधी दाराखालचं बघायला लागला. तिथं गाडीच्या पूर्ण लांबीभर एक रुंद पायरी आली होती, कडेला तीच सुंदर रेघ घेऊन. दाराच्या आत धरायला जाड दांडा होता. रईस मागं उभा होता.

"घे," रईस म्हणाला. "आता हे तुहं."

कुलदीपच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

बुद्धपौर्णिमेला गाडी पुन्हा त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबली. कमलाबाई आल्या. पायरीवर एक पाय, हातात दांडा, दुसरा पाय आत. कोणाचा हात लागला नाही. त्या सीटवर ऐसपैस बसल्या, लुगडं नीट केलं, फुलांची पिशवी मांडीवर घेतली आणि चहूकडे नजर फिरवली.

"गारठा लय करते रे हे," त्या म्हणाल्या. "अन् सीट एवढं मऊ काऊन? माणूस फसते याच्यात."

पुढं बसलेल्या पेंडसे मॅडमनी पेन काढलं. कुलदीपला हसू आवरेना.

"अन् गुडघे कसे हायेत व माय?" त्यानं दार लावता लावता विचारलं. "आता बरे झाले वाट्टे?"

"गुडघ्यायले काय होते?" कमलाबाई म्हणाल्या. "मांगच्या सालीबी हेच होते. गाडीच उंच होती."