शब्द परत आल्याशिवाय

नोकरीत कायम केल्याचं पत्र माझ्या बॅगेत तीन दिवस पडून होतं. सोमवारी सकाळी सही करून द्या, असं साहेबांनी सांगितलं होतं. पगाराचा आकडा वाचून माझ्या बायकोने पत्र दोनदा उजेडात धरलं. तिला वाटलं, छापताना एखादं शून्य जास्त पडलं असावं. पडलं नव्हतं. अशा पत्राची माणसं आयुष्यभर वाट बघतात, आणि मी मात्र ते परत परत बॅगेत सारत होतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. होतो, असं म्हणायला हवं. सहा महिन्यांपासून मी एका मोठ्या लिफ्ट कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. नवव्या मजल्यावर काचेची खोली, गोल फिरणारी खुर्ची. आणि काम काय, तर शहरभरचे मेकॅनिक लिफ्टचे फोटो पाठवतात ते बघायचे, बेचाळीस रकान्यांत बरोबरच्या खुणा करायच्या आणि खाली सही ठोकायची. ब्रेक बघितला? फोटोत बघितला. दोर बघितला? तोही फोटोत. म्हणजे जेवणाचा फोटो बघून ढेकर द्यायचा. एकदा एका इमारतीच्या दोराचा फोटो मला ओळखीचा वाटला. मागच्या महिन्याचा काढून बघितला, तर तोच. दोरावरचा ग्रीसचा डागसुद्धा तोच. मी तसाच उठून साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, "फोटो स्पष्ट आहे ना? मग झालं."

मी म्हणालो, "मी स्वतः जाऊन बघून येतो."

ते हसले. "अहो, आता तुम्हाला हात काळे करायची गरज नाही. त्याचाच तर पगार देतो."

मी परत जागेवर आलो आणि सही केली. त्या दिवसापासून मी ऑफिसात जिन्याने जातो. नऊ मजले. त्या इमारतीची लिफ्टही आमचीच कंपनी बघते. सगळ्यांना वाटतं, हा तब्येतीला फार जपतो. मी कुणाला काही सांगत नाही. एवढा पगार घेणाऱ्या माणसाने रडगाणं गायचं तरी कुणापुढे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्याआधी बावीस वर्षं मी दादाबरोबर काम केलं. माझा सख्खा मोठा भाऊ. हे काम एकट्याचं नव्हे. एक जण शाफ्टच्या अंधारात, लिफ्टच्या टपावर उभा. दुसरा सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत, बटणापाशी. टपावर मी, बटणावर दादा. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून दादाने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. मी ओरडायचं, "हातभर वर!" त्याने तेच शब्द परत द्यायचे, "हातभर वर!" आणि मगच बटण दाबून धरायचं; सोडलं की लिफ्ट थांबते. शब्द परत आल्याशिवाय कुणी हलायचं नाही, वरच्याने नाही आणि खालच्यानेही नाही.

"तू टपावर आहेस तोवर तुझा जीव माझ्या अंगठ्यात," तो म्हणायचा. "आणि मला तू दिसत नाहीस. फक्त ऐकू येतोस."

हा नियम अंगात इतका मुरला की घरीसुद्धा तसंच चालायचं. मी म्हणायचो, "निघतोय." तो म्हणायचा, "निघतोयस." माझ्या लग्नाच्या कागदांवर सह्या होताना मला विचारलं, राजीखुशीने ना? मी "हो" म्हणालो, आणि मागून दादाचा खणखणीत "हो!" आला. आपलं लग्न नक्की कुणाशी झालं, असा टोमणा बायको अजून मारते.

शेवटच्या दीड-दोन वर्षांत दादाने नियम जरा बदलला. ओरडून ओरडून घसा बसतो म्हणाला, आता ठोके. लिफ्ट ज्या लोखंडी रुळांना धरून चालते, त्या रुळावर पान्याने ठोकायचं. एक ठोका वर, दोन खाली, तीन म्हणजे थांब. तो वरून तेवढेच ठोके परत द्यायचा. मी चिडवायचो, "म्हातारा झालास, आता काठी घे." तो नुसता हसायचा. त्याच्या घरी टीव्ही एवढा मोठा लावलेला असायचा की जिन्यातच बातम्या कळायच्या. त्यावरून मी वहिनींनाच बोल लावायचो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. बारीक खरखर ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा मी!

मग तो दिवस आला. सात मजली इमारत होती. टपावर वाकून, भिंत आणि रूळ यांच्यामध्ये हात घालून मी एक नट आवळत होतो. पाना निसटला आणि रुळावर आपटून खाली गेला. टण्. एकच आवाज. वरून लगेच एक ठोका परत आला, आणि मला समजेपर्यंत लिफ्ट वर निघाली.

"थांब!" मी ओरडलो. "दादा, थांब! थांब!" घसा फाटेपर्यंत ओरडलो. लिफ्ट थांबेना. बाही लोखंडात अडकली, मनगटापासून कोपरापर्यंत सालटं निघालं. डाव्या हाताला टपावरचं, लिफ्ट बंद करायचं लाल बटण सापडलं, म्हणून माझा उजवा हात आज जागेवर आहे.

दादा धावत खाली आला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता जवळ घेईल. तर चार लोकांसमोर तो माझ्यावरच खेकसला, "लक्ष कुठं असतं तुझं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एवढा ओरडतोय, हा बटण सोडत नाही, आणि वर मलाच झापतो. चोराच्या उलट्या बोंबा!

पंधरा दिवसांनी त्याने या कंपनीचा अर्ज माझ्यासमोर टाकला. "भर हा. दोघांचं भागत नाही आता या धंद्यात." बावीस वर्षांनी मला दाराबाहेर काढत होता. मी अर्ज उचलला. आमच्या दुकानाची पायरी उतरता उतरता, मागे न बघता म्हणालो, "मी गेल्यावर तुला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

त्याने उत्तर दिलं नाही. नंतर मी चार-पाचदा फोन केला, तर दरवेळी वहिनीच उचलायच्या. "ते कामात आहेत, भावजी." मी म्हटलं, रुसलाय. रुसू दे. मलाही मान आहे. पण त्या काचेच्या खोलीत बसलो की माझंच ते वाक्य मला ऐकू यायचं, आणि मी फोटोंकडे बघत बसायचो.

रविवारी सकाळी बायकोने ते पत्र बॅगेतून काढून माझ्यापुढे ठेवलं. "अहो, सहा महिन्यांत तुम्ही घरात एकदाही कुणाची नक्कल केली नाहीत." मी लोकांच्या नकला फार चांगल्या करतो, दादाची तर हुबेहूब. ती म्हणाली, "आधी पैसे बेताचे होते, पण जेवताना हसून ठसका लागायचा मला. पगाराचं बघू काय ते. जा दादांकडे."

पत्र खिशात टाकून मी चपला घातल्या. ठरलंच. आधी माफी मागायची आणि मग सांगायचं, मी परत येतोय.

आमचं दुकान म्हणजे एका जिन्याखालचा गाळा. दादा पाठमोरा बसला होता, पंख्याच्या मोटरला तांब्याची तार गुंडाळत. भिंतीवर दोर नव्हते, साखळ्या नव्हत्या, माझा टपावर बांधायचा पट्टा नव्हता. खुंट्या मोकळ्या, आणि जमिनीवर सगळीकडे लोकांचे बिघडलेले पंखे.

"दादा," मी हाक मारली. तो तार गुंडाळत राहिला. "दादा!" अजून राग गेला नाही तर. माझंही डोकं सटकलं. "अरे बास की आता! सहा महिने झाले!" शेजारचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला. दादाची मान हलली नाही.

मागून वहिनी आल्या. हातात जेवणाचा डबा. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"भावजी, समोर जा," त्या म्हणाल्या. "पाठीमागून नाही कळत त्यांना."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. डॉक्टर म्हणाले, सगळा जन्म मशीनच्या आवाजात गेला, आता गेलं ते गेलं. यंत्र आणलंय, पण त्यात नुसता गोंगाट येतो म्हणतात. रुळाला हात लावून ठोके तेवढे कळायचे." त्या आवाज खाली करून बोलत होत्या, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. "तुमच्या हाताला लागलं ना, त्यानंतर आठ दिवस धड जेवले नाहीत. म्हणाले, तो ओरडत होता आणि मी बटण दाबून बसलो होतो. एक दिवस माझ्या हातून जाईल तो. मला शपथ घातली. नोकरीत कायम झाला की सांगू म्हणाले, आधी कळलं तर सोडून येईल."

"मग असं हाकलून का दिलं मला?"

"गोडीने सांगितलं असतं तर गेला असतात?"

मी विचारलं, "मी जाताना जे बोललो..."

"ते त्यांना ऐकू गेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मला गेलं."

मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. चाळिशी ओलांडलेला बाप्या, खिशात एवढ्या पगाराचं पत्र, आणि पोरासारखा हुंदके देत होतो. शेजारचा अजून दारातच होता. बघेना का.

मग तोंड पुसून दादाच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याने वर बघितलं आणि त्याचं तोंड उजळलं. "अरे, छोट्या!" सगळा गाळा दणाणला. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. "पत्र आलं? कायम झालास?"

मी पत्र दिलं. फडक्याला हात पुसून त्याने ते ओळीखाली बोट धरून वाचलं. आकड्यापाशी थांबला, हसला. मग बोट खाली सहीच्या कोऱ्या जागेवर आलं. त्याने माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि मला सगळं कळलंय हे त्याला कळलं.

मी समोर स्टूल ओढून बसलो. ओठ नीट हलवत आधी माफी मागितली. कशाची, ते सांगितलं नाही. सांगायचं तर ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं असतं. मग म्हणालो, तिथं माझा जीव रमत नाही. न बघितलेल्या लिफ्टवर सह्या करतो. सकाळी उठावंसं वाटत नाही. पूर्वी ब्रेककडे बघायचा तसा तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"त्रास होतो?"

मी मान हलवली.

"होऊ दे," तो म्हणाला. "त्रासाने हात तुटत नाही."

"बटणावर दुसरा माणूस बघतो मी. तू दुकानात नुसता बस."

"दुसरा? तू टपावर आणि बटणावर परका अंगठा? मला इथं घास गिळवेल का रे?"

मी त्याचा हात धरला. टपावरून सांगायचो तसा एकेक शब्द मोकळा करून म्हणालो, "दादा. मी परत येतोय."

त्याला ते कळलं. नक्की कळलं, कारण त्याचे डोळे भरून आले. मी थांबलो. बावीस वर्षांत मी काही म्हणालो आणि त्याने परत दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्याने ओठ मिटून घेतले. मी पुन्हा म्हणालो, "मी परत येतोय." त्याने पत्राची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली, वरून दोनदा थोपटलं, आणि खाली बघून तारेचं सुटलेलं टोक शोधायला लागला. सापडत नव्हतं. मीच शोधून त्याच्या हातात दिलं.

वहिनींनी डबा उघडला. आम्ही तिघं तिथेच पंख्यांच्या मध्ये बसून जेवलो. निघताना सवयीने मी म्हणालो, "निघतोय." या वेळी तो माझ्याकडेच बघत होता.

"निघतोयस," तो म्हणाला. हे मात्र लगेच परत दिलं.

सोमवारी नऊ मजले जिन्याने चढलो. टेबलावर त्या दोराच्या इमारतीचा नवा फोटो आला होता. डाग तोच. तो मी बाजूला ठेवला, त्यावर सही करणार नव्हतो. मग पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी पेन पुढे केलं.

"सही करतोय," मी म्हणालो, आणि हात कागदावर ठेवून थांबलो.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

एसी घरघरत होता. बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता. मी आणखी थोडा वेळ थांबलो.

"काही नाही," मी म्हणालो. शब्द परत आला नव्हता, तरी मी सही केली.