नोटिशीचं बाकडं

इळंगोने राजीनामा दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीच्या यंत्राने त्याचा अंगठा ओळखायचं सोडून दिलं. आदल्या दिवसापर्यंत हाच अंगठा त्याला चालत होता. नऊ वर्षं चालला होता!

कोइम्बतूरच्या त्या कारखान्यात इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनत आणि इळंगो त्यांच्या मोटरी तपासायचा. त्याची बायको पूंगोदै बाळंतपणाला माहेरी, पोळ्ळाचीला गेली होती. तिथेच त्याला एका काथ्याच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून हा राजीनामा. नोटीस साठ दिवसांची. एवढ्यात संपेल, असं त्याला वाटलं होतं. बिचारा.

मणिमेकलै मॅडम, म्हणजे माणसांचा हिशोब ठेवणारं खातं, तिने त्याला नियम नीट समजावून सांगितले. बाई वाईट नव्हती, फक्त नियमांवर तिची भारी श्रद्धा. नोटीस चालू असेतो पगार रोखला जातो. पगार रोखला की नाव यंत्रातून निघतं. नाव निघालं की यंत्र ओळखत नाही. यंत्राने ओळखलं नाही की तो दिवस गैरहजेरीचा, आणि जितके दिवस गैरहजेरी, तितके दिवस नोटीस पुढे.

“म्हणजे मी रोज आलो तरी नोटीस संपणार नाही?” इळंगोने विचारलं.

“आला नाहीत तर पळून गेलात असं धरलं जाईल आणि रोखलेला पगार बुडेल,” मॅडम म्हणाली. “तेव्हा येत जा.”

तो येत राहिला. पूंगोदैच्या डॉक्टरीणबाईंनी बाळ आडवं आहे, बहुतेक पोट फाडावं लागेल, चाळीस हजार तयार ठेवा, असं सांगितलं होतं. इळंगोचे रोखलेले दोन पगार होतात बेचाळीस. सासऱ्याकडे मागायचे तर त्या माणसाने लग्नातल्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, किंमत अजून ऐकवायची सोडली नव्हती. त्यामुळे ते बेचाळीस हजार सोडून जायची सोयच नव्हती.

नोटिशीवरच्या माणसाला यंत्रांना हात लावायची बंदी. त्याने फाटकाजवळच्या बाकड्यावर बसायचं. या बाकड्याचे पाय आत सरकलेले होते, एकाने न सांगता उठायचं नाही, नाहीतर दुसऱ्या टोकाचा जमिनीवर. दुसऱ्या टोकाला मारुदाचलम अण्णा असत. अण्णा एके काळी मोटरीचं वाइंडिंग करत, असं वाइंडिंग की मोटर चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही. त्यांची नोटीस चालू होऊन अकरा वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी इळंगोने त्यांना विचारलं, की अण्णा, सोडून का देत नाही?

“वेडा का काय तू, तंबी,” अण्णा धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले. “माझे इथे अकरा वर्षांचे पैसे आहेत. दर महिन्याला वाढतायत. एवढी रक्कम टाकून कोण जातं?”

घर बायकोच्या इडलीच्या गाडीवर चालायचं. अण्णा सकाळी साडेआठला येत, अंगठा लावत, यंत्र नाही म्हणे, अण्णा त्याला नमस्कार करून बाकड्यावर येत. दुपारी दहीभातातला अर्धा भाग इळंगोला देत. उठताना “उठतोय हं,” म्हणत. साठ दिवसांत ते एकदाही विसरले नाहीत.

आयुधपूजा आली. सगळा कारखाना धुतला गेला, प्रत्येक यंत्राला चंदन, कुंकू, झेंडूची माळ. नोटिशीवरच्यांना हात लावायची बंदी फक्त काम करण्यापुरती होती, पूजेपुरती नव्हती, त्यामुळे फाटकाजवळच्या हजेरीच्या यंत्राची पूजा अण्णांनी मागून घेतली. अकरा वर्षांची ओळख, निदान त्यांच्या बाजूने तरी. अंगठा ठेवायच्या काचेवर त्यांनी भक्तिभावाने बोटभर जाड चंदन थापलं आणि मधोमध कुंकू लावलं. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तापर्यंत हात लावायचा नसतो. चंदन रात्रभर सुकलं आणि फटीतून आतही गेलं.

दुसरा दिवस विजयादशमी. कामगारांना सुट्टी होती, नोटिशीला नव्हती. मुहूर्तावर पहिला अंगठा लावायला स्वतः मालक, रंगनायकलू साहेब, रेशमी वेष्टी नेसून आले. हा त्यांचा दरवर्षीचा शकुन. काच पुसली, अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच म्हणालं आणि आत मॅडमच्या संगणकाने मालकांचा पगार रोखला.

साहेब गरजले. ओळख पटली नाही की पगार नाही, हा नियम मॅडमने शांतपणे वाचून दाखवला, खाली त्यांचीच सही होती. ओळख न पटलेल्याला आत बसता येत नाही, असं सांगून तिने बाकड्याकडे हात केला. अण्णा अदबीने सरकून मधे बसले, साहेब रिकाम्या टोकाला बसले. आता तिघं झाले.

“कोणत्या गाढवाने केला हा नियम?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हीच केलात,” अण्णा म्हणाले. “मी राजीनामा दिला त्या दिवशी. मला जाऊ द्यायचं नव्हतं तुम्हाला.”

दुपार झाली. साहेबांनी अण्णांच्या दहीभाताकडे पाहिलं, अण्णांनी तीन वाटे केले. शेवटी नियमांच्या पुस्तकात मॅडमला तळाशी एक ओळ सापडली: यंत्र बिघडल्यास जुन्या हजेरीच्या वहीत, हजर असलेल्या माणसाने “मी यांना ओळखतो” असं लिहून द्यावं. पण आज हजर कोण? साहेबांनंतर यंत्राने मॅडमलाही ओळखलं नव्हतं, म्हणून तीही फाटकातच खुर्ची टाकून बसली होती. फाटकातल्या कपाटातून वही निघाली, धूळ झटकली. शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची, मारुदाचलम, आत आल्याची वेळ साडेआठ. बाहेर गेल्याची वेळ कोरी, कारण त्याच दुपारी यंत्र बसवलं होतं. म्हणजे वहीप्रमाणे अण्णा अकरा वर्षं सलग हजर होते.

अण्णांनी पेन घेतलं आणि आधी इळंगोचं नाव लिहिलं, साठ दिवस शेजारी बसलेत, मी यांना ओळखतो. मग साहेबांचं. साहेब म्हणाले, आधी माझं धर. अण्णा म्हणाले, रांग आहे, तो आधी आलाय. आणि पहिल्या ओळीने इळंगोचे साठ दिवस हजेरीत आले, नोटीस संपली, आता तिचा हिशोब चुकता केल्याशिवाय दुसरी ओळ धरता येत नाही, असं मॅडमचं म्हणणं पडलं. साहेबांनी चडफडत, गुडघ्यावर वही ठेवून, इळंगोला बेचाळीस हजारांचा चेक लिहून दिला.

 चेक इळंगोने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून दोनदा चाचपला. बाळ आडवं असो की उभं, आता येऊ दे.

“सर, अण्णांची बाहेर जायची वेळ तेवढी राहिली,” मॅडम म्हणाली. “ती भरली की त्यांचे अकरा वर्षांचे पैसे द्यायचे. कोणीतरी ओळखायला हवं.”

साहेबांनी मनातल्या मनात अकरा वर्षांना बाराने गुणलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी अण्णांकडे, दहीभात लागलेल्या त्यांच्या बोटांकडे, नीट पाहिलं.

“मी या माणसाला ओळखत नाही,” ते म्हणाले.

अण्णा डब्याचं झाकण लावायला लागले, ते लागेना. इळंगोला एवढा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. स्वतःच्या पगारासाठीही नाही.

“मॅडम, मी कधीपर्यंत नोकरीत आहे?”

मॅडमने घड्याळ पाहिलं. “साडेपाचपर्यंत. अजून चार मिनिटं.”

त्याने साहेबांच्या गुडघ्यावरची वही उचलली. साहेब म्हणाले, चेक अजून वटलेला नाही हे लक्षात ठेव. लक्षात होतंच. क्षणभर त्याला पूंगोदैचं पोट दिसलं, डॉक्टरीणबाई दिसल्या, पेन वहीवर टेकून तसंच राहिलं. मग त्याने लिहिलं: मी यांना ओळखतो. यांचा अर्धा दहीभात मी साठ दिवस खाल्लाय.

मॅडमने ओळ दोनदा वाचली. नियमात कुठे बसत नाही का, ते शोधलं. बसत होती. तिने अण्णांच्या कोऱ्या रकान्यात साडेपाच लिहिलं, शिक्का मारला, आणि इतक्या जोरात मारला, की खालच्या पानावरही उमटला. चेक वटू न देणं हा पुस्तकात पान चाळीसवर गुन्हा आहे आणि तो लिहिताना मी समोर होते, असंही तिने साहेबांनी न विचारताच सांगितलं.

इळंगो “उठतोय हं,” म्हणून उठला. अण्णांनी डबा पिशवीत घातला, खांद्यावरचा पंचा नीट केला. बाकड्यावर आता ते आणि साहेब एवढेच होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अण्णा काही न सांगता उठले.

साहेब रेशमी वेष्टीसकट जमिनीवर गेले. मागे वळून कोणी पाहिलं नाही. पोळ्ळाचीची बस पावणेसहाला होती आणि अण्णा इळंगोला थांब्यापर्यंत सोडायला गेले.