गुंतवळाचं भांडं

आई गेल्यावर मी मावशीकडे एकच वस्तू मागितली होती. पांढऱ्या चिनी मातीचं, ओंजळीत मावेल एवढं भांडं, झाकणाला मधोमध बोट जाईल इतकं भोक. विंचरून झालं की आई कंगव्यात अडकलेले केस काढायची, बोटाभोवती गुंडाळायची आणि त्या भोकातून आत ढकलायची. शेवटपर्यंत ढकलत होती. त्यातलं गुंतवळ सोडलं, तर तिच्या शरीराचं असं माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं.

बाकीच्या वस्तू मी मागितल्या नाहीत. आई आणि मावशीचं मिळून एक सलून होतं. त्याच्या मागच्या खोलीत आईने वर्षानुवर्षं जुनी अवजारं जमवली होती: केस कुरळे करायचे लोखंडी चिमटे, ते तापवायचे स्पिरिटचे दिवे, हाताने दाबून चालवायची केस कापायची मशीनं. मावशी म्हणाली, हे सगळं विकून टाकते, मला आता बघवत नाही. मी हो म्हटलं. आजारपणात आईचं सगळं तिनेच केलं होतं.

सामान विकून झाल्यावर मी भांड्याचं नाव काढलं, तेव्हा मात्र तिने पदर डोळ्यांना लावला. "फुटलं गं ते. आवरताना हातातून निसटलं."

आतले केस कुठे आहेत, असं मी विचारलं. तुकड्यांबरोबर केरात गेले, म्हणाली. तिचा आवाज इतका कापत होता की मीच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

अवजारं ज्यांनी विकत घेतली त्यांना आमच्याकडे चिमटेवाले म्हणत. ते आईकडे पूर्वीपासून यायचे, चिमटे भिंगाखाली धरून तासन्‌तास हुज्जत घालायचे. एके दिवशी त्यांचा मला फोन आला. घरातल्या दोन खोल्यांत त्यांनी संग्रह मांडला होता आणि प्रत्येक वस्तूखाली चार ओळी माहिती हवी होती. तुमच्या आईचा संग्रह, तुम्हीच लिहा, म्हणाले.

मी गेले. त्यांनी सुती हातमोजे चढवले आणि एकेक चिमटा दाखवायला सुरुवात केली. तापलेला चिमटा आधी कागदावर टेकवायचा, कागद करपला तर थांबायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी ऐकून घेतलं, कारण ते आईच्याच शब्दांत सांगत होते. कपाटावर छोटी पाटी होती, तिच्यावर आईचं नाव. ती वाचून मला बरं वाटलं.

मग त्यांनी काचेची पेटी उघडली. आत भांडं होतं. आमचंच. झाकणाच्या कडेचा टवका मीच लहानपणी उडवलेला.

"पूर्वी बायका डोक्यावर एवढा डोलारा उभा करायच्या," ते खुशीत सांगत होते, "आत भरायला स्वतःचेच केस साठवायला लागायचे. पुढे आखूड केसांची फॅशन आली आणि लोकांनी या भांड्यांत साखर भरली. त्यामुळे भांडी मिळतात, पण केसांसकट मिळत नाहीत. हे तुमच्या पणजीचे केस. मावशी म्हणाल्या, कुणी हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी झाकण उचललं. वळ्या तपकिरी होत्या आणि सगळ्यात वरच्या वळीच्या केसांची मुळाकडची टोकं बोटाच्या पेराएवढी पांढरी होती. तो तपकिरी रंग मावशी सलूनमध्ये स्वतः कालवायची. शेवटच्या महिन्यांत आईने केस रंगवणं सोडलं होतं.

लिहून पाठवते, एवढंच बोलून मी बाहेर पडले आणि थेट सलूनमध्ये गेले. मावशी एका गिऱ्हाइकाचे केस वाळवत होती. मी भांडं पाहून आले असं म्हटल्यावर तिने मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाला दोन मिनिटं म्हणाली आणि मला मागच्या रिकाम्या खोलीत नेलं.

रडणं नाही, कापरा आवाज नाही. तिने सरळ सांगितलं, सामान घेताना चिमटेवाले भांडं बाजूला सारत होते. मग त्यांनी आत डोकावून विचारलं, केस मूळचे आहेत का.

"मी हो म्हटलं. मूळचे नाहीतर काय, दुकानातून आणलेले? पणजीचं ते स्वतःच बोलले. मी फक्त मान हलवली."

"आणि मला फुटलं म्हणून सांगितलंस."

"तू मागितलंस तेव्हा देऊन झालं होतं. काय सांगणार होते, तुझ्या आईचे केस विकले? घे, केसाने गळा कापला म्हण आता. आयुष्यभर तिचे केस मी या फरशीवरून झाडून टाकलेत, तेव्हा नाही कुणी मागायला आलं."

मी चिमटेवाल्यांना खरं सांगणार आहे, असं म्हटलं. ती म्हणाली, सांग, पण पुन्हा या दारात येऊ नकोस. मी उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "आणि सगळे तिचे नाहीत. माझेही आहेत त्यात."

दुसऱ्या दिवशी मी चिमटेवाल्यांना सांगितलं. त्यांनी भिंग घेतलं, पांढरी टोकं पाहिली आणि खुर्चीत बसले. कुणाला बोलू नका, एवढीच विनंती केली. बऱ्याच जणांना दाखवून झालं होतं. चिमटीने एकेक वळी काढून त्यांनी कागदावर ठेवली आणि पुडी करून माझ्या हातात दिली. भांडं दिलं नाही. मी निघताना ते कपाटापाशी उभे होते, आईचाच एक चिमटा उलटसुलट करून बघत, जणू तोही कालच घडवलेला असावा. कपाटावरची पाटी त्यांनी काढून ठेवली होती. त्या चार ओळींबद्दल पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन मी खिडकीपाशी टेबलावर पांढरा कागद पसरला आणि वळ्या सोडवायला बसले. मावशीचे केस वेगळे काढायचे होते. आईच्या केसांजवळ मला ते नको होते. पण दोघींचा रंग एकाच वाटीतला. केसांचा पोतही एकच, बहिणीच त्या. पांढऱ्या टोकांवरून ओळखू म्हटलं, तर त्या महिन्यांत मावशीने तरी स्वतःचे केस कधी रंगवले होते? काही केस मी बाजूला काढले, थोड्या वेळाने परत त्यातच मिसळले. एकही केस आईचा म्हणून छातीठोकपणे उचलता येईना.

कोणते कुणाचे हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती. मी फोन हातात घेतला. ती कदाचित सांगेलही, अगदी बारकाईने, कोणत्या वेणीचे, कोणत्या दिवसांतले. किंवा म्हणेल, माझे एकही नाहीत, तुला टोचावं म्हणून बोलले. काहीही म्हणाली तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नव्हते. मी फोन खाली ठेवला आणि सगळे केस होते तसे पुडीत गुंडाळले.