दोन बाजूंनी घासलेला कमठा

आमच्या घरी एक पत्र आले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र लहानसे होते. त्यात प्रश्न एकच होता आणि एका शब्दात उत्तर देता आले असते. तरी ते जुन्या शिकंज्याच्या फळीखाली दाबून ठेवलेले होते. पुस्तक बांधून झाले की ते दाबून ठेवायचे लोखंडी यंत्र म्हणजे शिकंजा. माणूस एखादे पत्र तिथे ठेवतो तेव्हा ते जपायचे असते की चिरडायचे, हे मला कधी ठरवता आले नाही.

मित्रांनो, ते पत्र माझ्यामुळे आले होते. मी एक जुना कमठा आहे, म्हणजे बांबूचे साधे, घरी केलेले धनुष्य. माझ्याकडे लढायांच्या गोष्टी नाहीत. माझ्या बाणांच्या टोकांना रबर होते आणि माझा शत्रू म्हणजे कागदाच्या कातरणाने भरलेले एक पोते. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. शंका घेणे मी ज्या घरात वाढलो तिथेच शिकलो.

माझ्या मालकाचा धंदा पुस्तके बांधायचा. सगळे त्याला बाइंडर म्हणत. मनाने वाईट नव्हता, पण भारी संशयी. दूधवाला हसून बोलला की याच्या कपाळाला आठी, “आज एवढा गोड का बोलतोय हा?” घरी नवे घड्याळ आणले तर शेजाऱ्याच्या घड्याळाला विचारल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. साऱ्या जगात त्याने डोळे मिटून भरवसा ठेवावा असा माणूस एकच, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो शिड्या बनवी. अंगाने उंच, म्हणून त्याचे नाव पडले लांब्या. त्याचे बांबू बाइंडरच्या मागच्या अंगणात रचलेले असत आणि अंगणाच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडे असे.

बाइंडरच्या मुलीने एकदा हट्ट धरला, मला धनुष्य हवे. तेव्हा लांब्याने मला निवडले. माझ्या अंगावर कोयता ठेवला तेव्हा मला वाटले, संपले, आता चुलीत. आम्हा बांबूंना डोळे नसतात. आम्हाला ऐकू येते आणि हात ओळखू येतात; बाकीचे आवाजावरून आणि बोलण्यावरून कळते. त्याचा हात घाईचा नव्हता. मी सावलीत वाळलेला बांबू होतो; त्याने मला उभा चिरला आणि तीन पट्ट्या काढल्या, एक लांब, एक मध्यम, एक आखूड. त्या एकावर एक ठेवून बांधल्या. बांबूची गुळगुळीत पाठ त्याने बाहेरच्या बाजूला, पोत्याकडे तोंड करून ठेवली.

“उलटी लावली तर काय होईल, काका?” मुलीने विचारले.

“काय होणार? ओढलंस की कडाड्! आणि तुझा बाप म्हणणार, लांब्याने मुद्दाम केलं.”

सगळे हसले. बाइंडरही हसला. पुढे ते हसणे मला पुष्कळदा आठवले.

दोर मात्र बाइंडरने केला. पुस्तके शिवायच्या दोऱ्याचे पदर पिळून त्याने त्यांना मेण चोळले. माझ्या मुठीवर, म्हणजे मधे धरायच्या जागी, पुस्तकांना लावतात ते तांबडे कापड चिकटवले. असा मी झालो. अंग एका मित्राचे, दोर दुसऱ्याचा.

लांब्याने मुलीला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. “खेळायच्या वेळी दोर चढवायचा. खेळ झाला की उतरवायचा. याला ताणून ठेवशील तर याची ओढ मरेल. मग हा नुसती वाकलेली काठी.”

मुलगी शहाणी होती. रोज संध्याकाळी डाव्या हातात मला धरी, उजव्या हाताने दोर ओढी आणि खेळ संपला की आठवणीने दोर उतरवून मला घर आणि अंगण यांमधल्या बोळातल्या खिळ्याला टांगी. बाण पोत्यात घुसला की कातरण खसकन वाजे. त्या दिवसांत मला कोणावर शंका घ्यावीशी वाटली नाही.

घरात आणखी एक माणूस होते. बाइंडरची मोठी बहीण, आक्का. मुलीची आई दवाखान्यात नर्स होती, ती सकाळीच जाई. बाइंडर दुकानात, मुलगी शाळेत. घर आक्काच्या ताब्यात. आक्काला मी डोळ्यांसमोर नको असे. “घर आहे की आखाडा?” ती म्हणे. “उद्या तोफ आणा!”

आणि मग एके दिवशी, घर शांत असताना, मला कोणीतरी खिळ्यावरून काढले.

पाऊल चोरटे होते. मुठीवर आधी घडी केलेले फडके आले, मग हात. त्यामुळे हात कोणाचा ते मला कळेना. पण पकड उलटी होती. उजव्या हाताने मला धरले होते आणि दोर डाव्या हाताने ओढला जात होता. बाण पोत्याला लागला. पुन्हा लागला. कोणी काही बोलले नाही. मग तर रोजच असे होऊ लागले. सगळे आपापल्या कामाला गेले की माझा दोर चढे आणि मुलगी यायच्या बेताला उतरे. मधल्या वेळात दोन बाण सुटले की मला तसेच ताणलेले दाराआड उभे करून ठेवत, पुन्हा केव्हातरी उचलत. माझे अंग दुखू लागले. हळूहळू दोर उतरवला तरी मी सरळ होईनासा झालो.

घरात डावखुरे कोणीच नव्हते. लांब्या मात्र दोन्ही हातांनी कोयता चालवी. मित्रांनो, माझ्याही मनात तोच आला.

एका संध्याकाळी बाण पोत्याच्या अलीकडेच गळून पडला. मुलगी रडवेली झाली. लांब्या तिथेच बांबू निवडत होता. त्याने मला हातात घेतले, दोर उतरवला आणि माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“याला कोणीतरी ताणून ठेवतंय,” तो म्हणाला. “रोज. तासन्‌तास.”

“मी नाही हं, काका!”

“तू नाहीस, बाळ. दिवसाउजेडी कोणीतरी.”

बाइंडर दारात उभा होता. “तुला बरं माहीत, दिवसाउजेडी?”

“अरे, रात्री तू इथंच घोरत असतोस. मग दुसरं कधी?”

“दिवसा घरात आक्का असते. आणि अंगणात तू.” बाइंडरचा आवाज खाली आला. तो असा हळू बोलू लागला की घरातली माणसे कामाला लागत. “आक्का, दुपारी कोणी आलं होतं?”

स्वयंपाकघरातून उत्तर आले. “मला काय ठाऊक? मी पडलेली असते.”

“लांब्या आला होता?”

“आला होता. बांबू न्यायला.”

“येतोच की!” लांब्या म्हणाला. “माझे बांबू आहेत इथं. तुझ्या खेळण्याशी मला काय करायचंय? मीच केलंय ते, वाटलं तर दहा करीन.”

“तेच म्हणतोय मी. तूच केलंस, तुलाच खोड कळली, तुझ्याकडेच किल्ली.”

“म्हणजे मी खरं सांगितलं म्हणून चोर?”

“चोर मी म्हटलं नाही.”

“म्हणायचं काय राहिलं?” लांब्याने खिशातून किल्ली काढली आणि बोळातल्या शिकंज्यावर ठेवली. लोखंडावर लोखंड वाजले. “पोरीसमोर हे नको होतं करायला, भल्या माणसा.”

आठवड्याच्या आत त्याचे बांबू हातगाडीवरून गेले. पुढे तो गावच सोडून बहिणीकडे राहायला गेला. आणि दुपारचे ते पाऊलही थांबले. बाइंडरने यातूनच पुरावा काढला. “बघितलंस? किल्ली परत आली आणि प्रकार बंद.” मला ते पटले. आता वाटते, पटायला इतके सोपे होते यातच काहीतरी काळेबेरे होते.

मग ते पत्र आले. मुलीने ते मोठ्याने वाचले, म्हणून मला ठाऊक. ‘तुला दोष द्यायला लिहीत नाही. एवढंच कळव, मी तसं केलं असं तुला अजूनही वाटतं का? नाही म्हणालास तर येऊन भेटेन. हो म्हणालास तर पुन्हा लिहिणार नाही.’

“काय लिहिणार, बाबा?”

“बघू,” बाइंडर म्हणाला. त्याला हो लिहवेना, कारण लांब्या कायमचा गेला असता. नाही लिहवेना, कारण मग केले कोणी? बघता बघता मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली. मी खिळ्यावर धूळ खात राहिलो. कोणी माझ्यावर टोपी अडकवी, कोणी ओले पंचे. ओल लागून माझी एक गाठ सुटली.

एका सुटीच्या दिवशी मुलीने मला खाली काढले. शेजारच्या मुलांना कमठा करून द्यायचा होता, म्हणून ती माझी बांधणी बघत होती.

“बाबा, इकडे या. हे कापड बघा. डाव्या बाजूला बाण घासून घासून विरलंय, ते माझं. पण उजव्या बाजूलाही तितकंच विरलंय. माझा बाण या बाजूने कधी जातच नाही.”

बाइंडर चष्मा शोधत आला. “म्हणजे डाव्या हाताने ओढणारा. लांब्याचे दोन्ही हात चालतात, मी म्हणत नव्हतो?”

“काकांनी मला शिकवलं तेव्हा ते माझ्यासारखंच धरायचे, बाबा. आत्या, जरा धर ना हे, मी कात्री आणते.”

आक्का शेंगा सोलत बसली होती. तिने पदराला हात पुसला आणि मला घेतले. मित्रांनो, फडक्याशिवाय तो हात मला पहिल्यांदाच लागत होता. पण पकड! उजव्या हाताची मूठ माझ्यावर बसली आणि डाव्या हाताची बोटे आपणहून दोराच्या जागी गेली. दोर चढवलेला नव्हता, तरी ती बोटे हवेतून मागे, कानापर्यंत आली. तिच्याही लक्षात आले नाही. मग आले.

कात्री घेऊन आलेली मुलगी तिथेच थबकली.

“आक्का,” बाइंडर म्हणाला, “तू तर उजवी आहेस.”

“केलं मला उजवी,” आक्का म्हणाली. “पाटीवर डावा हात गेला की फूटपट्टी बसायची. जेवताना पुढं आला की चापट. तू तान्हा होतास, तुला काय आठवणार. पण हे कुठल्या हातानं ओढायचं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून ओढलं. बाण पोत्याला लागायला लागला, बरं वाटलं. ताणून ठेवल्यानं बिघडतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं रे.”

“आणि त्या दिवशी का गप्प बसलीस?”

“जीभच उचलेना. उद्या सांगू म्हटलं. तोवर त्याची हातगाडी निघाली. मग रोज उद्याच.”

बाइंडर शिकंज्याला टेकला. ओरडेल, असे मला वाटले. त्याच्याबद्दलही माझा अंदाज चुकला. “घरात तू होतीस,” तो म्हणाला, “आणि माझ्या मनात आला तो लांब्या. खोड काय आहे ते त्यानंच सांगितलं, आणि मी तेच त्याच्यावर उलटवलं.”

“त्याला लिही,” आक्का म्हणाली. “माझं नाव घालून लिही.”

मित्रांनो, माझ्यासारखे कोणी तुमच्या घरी असेल तर खेळ झाला की दोर उतरवा. ओलीत ठेवू नका, उन्हात विसरू नका. आणि एखादी शंका मनात ताणून ठेवली असेल तर तीही वेळीच उतरवा. ज्याच्यावर ती आहे त्याला समोर बसवून विचारा आणि त्याचे पुरते ऐका. ताणलेले फार दिवस ताणलेलेच राहिले तर माझे काय होते, ते तुम्ही ऐकलेत. मी आता सरळ व्हायचा नाही. मुलगी म्हणते, नवी गाठ बांधून मला परत खिळ्यावर ठेवणार आहे, टोप्यांशिवाय.

त्या संध्याकाळी बाइंडरने कितीतरी कागद लिहून चुरगळले. शेवटी जो राहिला तो त्याने मोठ्याने वाचला. ‘नाही. तू केलं नव्हतंस. हे मला विचारल्यावाचून कळायला हवं होतं.’ मग आक्काने पेन मागितले. तिचे लिहिणे बराच वेळ चालले आणि मुलगी हळूच म्हणाली, “आत्या, अक्षर वाकडं येतंय.” आक्का म्हणाली, “येऊ दे. या हाताला अजून सवय नाही.”

पाकीट घेऊन तिघे बाहेर पडले. टपालपेटी गल्लीच्या तोंडाशीच आहे. पावले गेली आणि मधेच थांबली. मला शंका आली, बाइंडर परत फिरणार. मी कान देऊन राहिलो. मग पेटीचे गंजलेले झाकण करकरले, आणि पाकीट आत पडल्याचा हलकासा आवाज आला.