तिसरी गोणी

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि माझे दीर सायकली-मोपेड. दोघा भावांनी मिळून गाडी बनवायला घेतली तेव्हाच मी म्हटलं होतं, की एकाला मुगाएवढा स्क्रू कळतो आणि दुसऱ्याला हातोडा, यातून गाडी व्हायची कशी? पण या घरात माझं ऐकतो कोण! जुन्या लोखंडी खाटेचे पाईप कापले, मागे पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवलं, मध्ये पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची ठोकली, आणि परसात एक गो-कार्ट तयार झाली. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

रविवारी गोदामांमागच्या आवारात घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत होती. हे हात पुसत आत आले आणि म्हणाले, "चालवायची तू."

मी शिलाई मशीनवर होते. गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय मी उलटा जोडला, इतकी गडबडले. अहो, जन्मभर मी मागे बसलेली बाई! लहानपणी वडिलांच्या सायकलवर मागे, लग्नानंतर यांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर कापडाचे तागे घेऊन. एकदाच स्कूटर शिकायला गेले, तर न्हाव्याच्या दुकानाची पाटी खाली आली. पाटीच आली ना, न्हावी तर नाही आला! पण तेव्हापासून स्कूटरची किल्ली यांच्या खिशातून हलली नाही. म्हणून "चालवायची तू" म्हणाल्यावर मला काय वाटलं ते मलाच ठाऊक.

पहिल्यांदा दीर बसले. ते म्हणजे काडी. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत भुर्रकन गेली आणि वळून परत आली. मग मी बसले. पाण्याच्या टाकीपर्यंत गेले नाही तोच मागे खडखड खडखड, आणि चेन रस्त्यावर.

चेन चढवली. पुन्हा पडली. पुन्हा चढवली, तर या वेळी चेन राहिली पण क्लचमधून धूर निघाला आणि इस्त्रीखाली नायलॉन जळल्यासारखा वास सुटला. क्लचचं काम दिरांनी मला समजावून सांगितलं. इंजिन जोरात फिरलं की क्लचच्या आतल्या पट्ट्या बाहेर फेकल्या जातात, बाहेरच्या डब्याला घट्ट धरतात, आणि चेन ओढली जाते. त्यांना धरता आलं नाही तर त्या नुसत्या घासत राहतात आणि जळतात.

"मग धरत का नाहीत मेल्या?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही एकदम दाबता," दीर म्हणाले. "आणि पाय ब्रेकवर राहतो तुझा," यांनी पुस्ती जोडली.

मी चपला काढून बसले. पाय असा हळू ठेवला की मुंगीसुद्धा चिरडली नसती. तरी चेन खाली. दीर बसले, गाडी चालली. मी बसले, धूर. सगळी गल्ली बघत होती. होता होता माझीच खात्री पटली, की नाही बाई, हे आपल्याला जमायचं नाही. न्हाव्याची पाटी पडली त्यातही चूक माझीच होती म्हणायची.

जेवताना मी म्हटलं, "भावजींनाच चालवू द्या रविवारी."

"बरं," हे म्हणाले. नुसतं बरं! ताटातून मान वर करून एक शब्द नाही. मला इतकं लागलं की अर्ध्या जेवणावरून उठून मी मशीनवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडले, तर गिऱ्हाइकाच्या घराला कुलूप. तशीच परत फिरले. परसातून या दोघांचे आवाज येत होते, म्हणून दारातच थांबले. पाहते तर काय, गाडी मध्ये उभी, आणि माझ्या खुर्चीत माझ्याऐवजी वाळूच्या दोन गोण्या! तिसरी गोणी बाजूला पडलेली. हे चेनवर बोट दाबून बघत होते.

"दादा, अजून एक टाक," दीर म्हणाले.

"नको रे. एवढी नाही ती."

"अरे, तुझ्या स्कूटरचं मागचं टायर दर वेळी कोण बदलतं? मी. मला विचार ना!"

"हळू बोल."

"वहिनी घरात नाहीत."

"तरी हळू बोल. दोन बास. काल थोडी सैल राहिली होती, आज घट्ट करतो."

"कालही हेच म्हणालास, आणि टाकीपाशी पडली!"

माझं डोकंच फिरलं. "टाका तिसरी," मी दारातून म्हटलं.

यांच्या हातातला पाना पायावर पडला. दीर भिंतीला चिकटले.

"टाका म्हणते ना!"

दिरांनी गोणी उचलून ठेवली. खाटेचे पाईप मधोमध वाकले, इंजिन आणि मागच्या चाकांचा दांडा एकमेकांकडे झुकले, आणि इतका वेळ ताठ असलेली चेन परकराच्या सैल नाडीसारखी लोंबायला लागली. तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

दोघांचं तत पप सुरू झालं. तशी त्यांची भीती मला कळते. मागे दवाखान्याच्या वजनकाट्यावर मी उभी असताना हे नुसतं "अरे वा" म्हणाले होते, आणि नंतर कितीतरी दिवस मी यांच्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होते. पण म्हणून हे?

"मी जाड आहे हे मला माहीत नाही होय?" मी म्हटलं. "माझे कपडे मीच शिवते! माझा घेर मला इंचाइंचाने पाठ आहे. जाड म्हणा, ढोल म्हणा, काय म्हणायचंय ते म्हणा. पण मला चालवता येत नाही असं का म्हणालात? मी खरं मानलं ना ते!"

 रडायचं नव्हतं, पण आलं रडू.

हे पाना उचलून उगाच पुसत बसले. "मला वाटलं, चालवण्यावरून बोललो तर तू भांडशील आणि विसरशील," ते म्हणाले. "वजनावरून बोललो तर विसरणार नाहीस."

"अगदी उलटं आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं काय नुसतं घड्याळाकडेच बघत होतात?"

 मी पदराने डोळे पुसले.

"काढा त्या गोण्या. गिऱ्हाईक समोर उभं असताना गोणीवर माप घेतं का कोणी? मी बसते. माझ्या अंगावर घ्या माप."

मी बसले. दिरांनी हळूच एका फडक्याखालून एक मोठं दातेरी चक्र काढलं. कधीचं आणून लपवलेलं!

"हे मागे लावलं तर बरं पडेल, वहिनी. म्हणजे... चढ वगैरे असला तर."

"भावजी."

"वजनासाठी, वहिनी. लहान चक्रावर एवढं ओझं ओढताना पट्ट्यांना पकड मिळत नाही, म्हणून त्या जळतात. मोठ्यावर वेग कमी होईल, पण ओढ हलकी होईल."

"हां. असं बोलावं माणसाने. लावा."

वेल्डिंगपुरतं मला उठवलं आणि खुर्चीखाली एक लोखंडी पट्टी आडवी जोडली. मग पुन्हा बसवून, मी बसलेली असतानाच, इंजिन पुढे सरकवून चेन ताणली. हे पोटावर झोपून घड्याळात बघावं तसे चेनकडे बघत होते. "श्वास सोड," म्हणाले. मी सोडला. "आता घे." घेतला. तेवढ्यानेही चेन किती हलते ते त्यांनी पाहिलं आणि बोल्ट आवळले.

पाण्याची टाकी मागे गेली. गल्लीचं टोक आलं. मी वळले! परत येताना इतकी ओरडत आले की शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

रविवारी आमचा नंबर आला नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. माझ्या पुढे कोण होतं ते मी पाहिलंच नाही. मागे कोण होतं ते मात्र वळून वळून पाहिलं. हे कुंपणाच्या पलीकडून हातात पाना घेऊन सगळा वेळ माझ्याबरोबर धावले. शेवटी धापा टाकत आत आले, गाडीपाशी खाली बसले आणि आधी चेनला हात लावून पाहिला. चेन जागच्या जागी होती.

दिरांनी गाडी टेम्पोत चढवली. आम्ही दोघं स्कूटरपाशी आलो. मी हात पुढे केला.

यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वाटेत तो न्हावी आहे," म्हणाले.

"पाटी वर लावलीय त्याने आता."

बराच वेळ खिसा चाचपून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. मी पुढे बसले. ते मागे चढले, थोडे इकडे सरकले, थोडे तिकडे सरकले, आणि मग दिरांच्या देखत, चांगलं मोठ्याने म्हणाले, "अगं, जरा पुढे हो. तुझ्यामागे मला जागाच उरत नाही."

टेम्पोत दिरांनी डोळे मिटून घेतले.

"होते की," मी म्हटलं, आणि पुढे सरकून किल्ली फिरवली.