टोपी काढणारीचं कोण ऐकतं?

शपथेवर, अगदी ओरडून सांगते मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर मला उकळत्या पाण्यात टाका.

मी एक जुनं एन्झाइम आहे. खारघरच्या एका लॅबमध्ये, एका पेशीच्या पोटात राहते. वय तीन दिवस. हसू नका. आमच्यात तीन दिवस टिकली की आजीच म्हणतात.

माझं काम साधं. पेशीत एक मुकादम प्रोटीन असतं. माझी जाऊबाई, तीही एन्झाइमच, त्याच्या शेपटाला मिथाइल नावाच्या रसायनाची इवलीशी टोपी घालते. टोपी चढली की मुकादम जोडीदारांना धरतो, निरोप धाडतो, आणि पेशी पाय पसरून डिशला चिकटून बसते. मी ती टोपी काढते. मग निरोप बदलतात, पेशी पाय आवरते. घालायची, काढायची, परत घालायची. जन्मभर हेच.

पण कौतुक कुणाचं? जाऊबाईचं. पसरलेली पेशी फोटोत छान दिसते ना. गोल दिसली की हे लॅबवाले म्हणतात, मेली. आणि खापर माझ्यावर.

भाविका म्हणजे तळवलीची पोरगी, इथे संशोधन शिकते. परवा तिने माझं तोंड बंद करणारं औषध डिशमध्ये ओतलं. तिची तेवढीच डिश उरली होती, बाकीच्यांना बुरशी लागली. मी ठप्प. टोप्या चढतच राहिल्या. पेशीने पाय इतके पसरले, इतके पसरले की एक पाय पार समुद्रावरच्या मोऱ्याच्या बोटींच्या धक्क्याला टेकला.

लॅबचे मोठे साहेब तेजस सर फोटो बघून खूश. भाविकाने तो वेणूमावशींनाही दाखवला. मावशी लॅबच्या बाटल्या धुतात, माहेर मोऱ्याचं, कोळ्यांचं. त्यांनी नाक मुरडलं.

"जालं नुसतं पसरून म्हावरं येत नाय, बाय. आवरावं पन लागतं."

भाविका हसली. काल मोजलं तर पेशी तेवढ्याच. वाढणार कशा? एकीच्या दोन व्हायचं तर आधी पाय आवरून गोल व्हावं लागतं, आणि आवरणारीचंच तोंड तुम्ही बांधलेलं!

तिने औषध धुऊन काढलं. मी सुटले. अशी पेटले होते की भराभरा टोप्या उतरवल्या. आज सकाळी डिशभर पेशी गोल. तेजस सरांनी वरवर बघितलं आणि ब्लीचची बाटली उचलली.

"मेल्यात सगळ्या. फेकून दे."

पोरीला मावशींचं जाळं आठवलं असावं. तिने डिशवर हात धरला.

"सर, एकदा नीट बघते ना."

मायक्रोस्कोपखाली गोल पेशी कमरेत आवळत होत्या. एकीच्या दोन होत होत्या. दुपारपर्यंत जाऊबाईने परत टोप्या घातल्या आणि दुप्पट झालेल्या पेशी ऐटीत पाय पसरून बसल्या. सरांनी बाटली गुपचूप फडताळात ठेवली. भाविका मायक्रोस्कोपवर वाकून मला म्हणाली, "सॉरी हं, आजी."

तर मित्रांनो, घालणारीला हार घाला, माझं काही म्हणणं नाही. पण काढणारीचं तोंड बांधू नका. आणि कुणी पाय आवरून बसलं म्हणून त्याच्यावर ब्लीच ओतायच्या आधी जरा वाकून बघा.

आता ते उकळतं पाणी बाजूला ठेवा, सांगते. एक गोष्ट मी बनवली. मोऱ्याचा धक्का नव्हे, तो खराच.

ते सॉरी. ते मला कुणी म्हटलंच नाही.