भिंतीसमोर

आमचे हे रंगारी. घरं रंगवतात, म्हणजे रंगवायचे. उन्हाळ्यात एका जिन्याचं काम करताना शिडीवरून पडले आणि खांदा मोडून घेतला. खांदा जुळला, डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं, पण शिडी म्हटलं की यांचे पाय लटपटायचे. खालच्या पायरीवर पाऊल ठेवायचे, घामाघूम व्हायचे आणि काहीतरी आठवल्यासारखं करून उतरायचे. हाताखालची माणसं दुसरीकडे कामाला लागली. शिवणकामावर मी घर रेटत होते, त्याचं मला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते यांच्या गप्प बसण्याचं. रंगाशिवायचा हा माणूस मला माहीतच नव्हता.

नणंदबाई एका छापखान्यात प्रूफं तपासतात. तिथे निम्मी पुस्तकं माणसाला सुधारण्याचीच निघतात. भावाच्या काळजीपोटी त्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत आणून द्यायच्या. छापील कागद जमिनीवर अंथरायला असतो, एवढंच ठाऊक असलेले आमचे हे चष्मा लावून वाचायला बसले. सगळी पुस्तकं एकच सांगायची, की ताकद तुमच्या आतच आहे. हे मान डोलवायचे. वाचताना चेहरा उजळायचा खरा, पण पुस्तक मिटलं की पुन्हा मावळायचा. एकाने रोज आरशात बघून 'मी सिंह आहे' म्हणायला लावलं. मी म्हटलं, "सिंह झालात की तेवढी कपड्यांची बादली गच्चीवर नेऊन द्या." हसले नाहीत. मग मला माझ्याच जिभेचा राग आला.

आणि एक दिवस ते निळं पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, 'रोज सकाळी भिंतीसमोर उभे राहा. तिच्यापासून नजर चोरू नका. तिला नीट न्याहाळा, स्पर्श करा, तिचे म्हणणे ऐका.'

सांगितलं ते निमूट करायचं, हा यांचा स्वभाव. चहा झाला की हे बाहेरच्या खोलीतल्या भिंतीसमोर हजर. शेजारीण दारातून डोकावली आणि मला हळूच म्हणाली, "काय शोधतायत?"

"स्वतःला," मी म्हटलं आणि मशीन जोरात चालवलं.

आधी नुसतेच उभे राहायचे. मग बोटाने टकटक सुरू झाली. "इथे पोकळ वाजतंय," म्हणाले. म्हणणं ऐकायला सांगितलं होतं ना. मग खिडकीखालची ओल दिसली, सुटलेले पोपडे दिसले. लोकांच्या भिंती रंगवण्यात आयुष्य गेलं, घरच्या भिंतीकडे बघायला सवड कुठली. एका सकाळी खाटेखालून हत्यारांची पिशवी निघाली आणि पट्टीने रंग खरवडल्याचा आवाज घरात घुमला. मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला. हा आवाज मी पुन्हा ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. डोळे पाणावले. धुळीचं निमित्त होतंच.

त्या रविवारी नणंदबाई धापा टाकत आल्या, हातात तेच निळं पुस्तक. "अरे, घात झाला. ते भीतीसमोर आहे. भीतीसमोर उभे राहा. मी वाचलं तेव्हा बरोबर होतं रे, पुढे संगणकाने शहाणपणा करून वेलांटी फिरवली आणि अनुस्वार चढवला. अख्खी आवृत्ती तशीच गेली."

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण चूक दिसली की बाईंना दुसरं काही दिसत नाही. आता पट्टी खाली ठेवतील आणि पुन्हा चष्मा लावून बसतील, असंच वाटलं.

यांनी पान वाचलं. पांढऱ्या झालेल्या बोटांनी पुस्तक परत दिलं. "भिंतच राहू दे, ताई," म्हणाले. "भीतीला पॉलिश पेपर कुठून मारायचा?"

नणंदबाई हसल्या, मीही हसले. पण भिंत हात पुरेल तेवढीच घासून झाली होती. त्याच्या वर जुना रंग तसाच, आणि मधे यांच्या उंचीने आखलेली रेघ. ही घरातली भिंत वरपर्यंत झाली नाही तर दुसरी कुठलीच होणार नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार.

नणंदबाई गेल्यावर यांनी शिडी आणून भिंतीला टेकवली. एक पायरी चढले. थांबले. उतरले. फळीवरच्या पुस्तकांकडे एकदा बघितलं. मी मान खाली घालून शिवत राहिले, शिवण कुठे चालली होती देव जाणे.

"अगं," हाक आली. "जरा शिडी धरतेस का?"

पडल्यापासून या माणसाने माझ्याकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं. एवढ्या पुस्तकांतल्या एकानेही त्यांना ते सुचवलं नव्हतं. मी उठले, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पाऊल खालच्या दांड्याला लावलं. त्यांचे गुडघे माझ्या तोंडासमोरून वर गेले, लटपटतच. मग टाचा गेल्या. थोड्या वेळाने पोपडे माझ्या केसांत पडायला लागले.

"सोडू नकोस हं."

"नाही सोडत. खरवडा तुम्ही."